काळ्या सातूचा वाटा

आज इथं अमेरिकेत, बॉथेलला ऊन पडलंय. नोव्हेंबर लागल्यापासून आभाळ इतकं खाली उतरलं होतं की हात वर केला तर ओला होईल असं वाटायचं. पहाटे वारा सुटला आणि सगळं लख्ख झालं. वरच्या रस्त्याला गेलं की पार टोकाला बर्फाचा मोठा डोंगर दिसतो. अशा दिवशी इथली माणसं एकमेकांना सांगतात, आज डोंगर बाहेर आलाय. जसा काही तो इतके दिवस अंथरुणाला खिळला होता आणि आज ओसरीवर येऊन बसला! मीही स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर कानटोपी असा सगळा जामानिमा करून डोंगर बघून आलो. बघून झाला. आता पुढं काय करायचं? मुलगा विलास आणि सूनबाई मानसी ऑफिसला गेलेत. म्हणून हे लिहायला बसलो.

मी गवंडी माणूस, जुन्नरच्या बाजूचा. शाळा पुष्कळ बांधल्या, बसलो मात्र एकीतही नाही. अक्षरं लागली ती सिमेंटच्या गोण्यांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून. विलासनं टॅबवर मराठी घालून दिलंय, त्यावर एका बोटानं चालवतो. वेळ लागतो. पण मला कुठं जायचंय?

गवंड्याच्या घरामागं एक ढीग असतोच. अर्धी वीट, कोपरा उडालेली फरशी, उरलेला दगड. टाकायचं जिवावर येतं, कुठंतरी बसेल म्हणून ठेवायचं. किस्स्यांचं तसंच होतं. आमच्या मागच्या बागेतले असे बरेच साठलेत. त्यातले थोडे इथं रचतो. भिंत सरळ आली नाही तर बोल लावू नका.

* * *

आमच्या घरामागं सगळ्यांची मिळून एक बाग आहे. नाव नोंदवलं की मातीनं भरलेली एक लाकडी चौकट मिळते, दोन खाटा मावतील एवढी. माझ्या चौकटीत मेथी आणि कोथिंबीर. शेजारच्या चौकटीत वर्कनेशबाई.

वर्कनेशबाई इथिओपियाच्या डोंगराळ भागातली. वय माझ्याएवढंच असेल. अंगावर पांढरी सुती ओढणी, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. ते गोंदण बघूनच ती मला अर्धी ओळखीची वाटली. तिची मुलगी हिरुत हॉस्पिटलात नर्स आहे. हिरुत आपल्या आईचं बोलणं इंग्रजीत सांगते, मानसी ते मला मराठीत सांगते. त्या दोघी नसल्या की आम्ही आपापल्या भाषेत बोलतो आणि मध्ये चार इंग्रजी शब्द टाकतो. तरी अडत नाही. तिचं बोलणं मी इथं सरळ मराठीतच लिहितो. ती मला मराठीत काही बोलली नाही, हे ध्यानात असू द्या.

पहिल्या दिवशी तिनं मला एका झाकणाच्या डब्यातून भाजलेली कॉफी दिली. आता दुसऱ्याचा डबा रिकामा कसा परत करायचा? आपल्यात तसं करत नाहीत. मी त्यातून मेथी दिली. दोन दिवसांनी तोच डबा मसूर घेऊन आला. मी लिंबाचं लोणचं घातलं. डबा आला, त्यात कसल्याशा झणझणीत मसाल्याची पूड. मी चिवडा घातला. त्यांच्याकडेही रिकामं भांडं परत करायची पद्धत नसणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

असा सगळा उन्हाळा गेला. ना ती थांबेना, ना मला थांबता येईना. शेवटी एका रविवारी हिरुत ड्यूटीवरून थेट बागेत आली आणि मानसीला म्हणाली, “तुझ्या सासऱ्यांना सांग, डबा ठेवूनच घ्या. आमच्याकडे आता चिवडा ठेवायला जागा नाही.”

मी डबा ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी वर्कनेशबाई नवा डबा घेऊन आली.

* * *

एकदा त्या डब्यात पीठ आलं. तपकिरी, भाजल्या वासाचं. तिनं खुणेनं सांगितलं, पाण्यात कालव, मीठ नाहीतर मध घाल, पी. मी चिमूट तोंडात टाकली आणि खालीच बसलो.

सातूचं पीठ होतं हो! आमची सरू, म्हणजे माझी बायको, हेच करायची. सातू म्हणजे जव, तो भाजायचा, दळायचा, गुळाच्या पाण्यात कालवायचा. कामावर जाताना मला फडक्यात बांधून द्यायची. दुपारी परातीवरची रेती झटकून त्यातच कालवून खाल्लंय मी. सरूला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो वास मला अमेरिकेत एका परक्या बाईच्या डब्यातून आला.

मी वर्कनेशबाईला हातानं दाखवलं, फार छान. तिनं मान हलवली. छान नाही म्हणाली. हे दुकानातलं आहे, पांढऱ्या सातूचं. खरा सातू काळा.

मग त्या काळ्या सातूची सगळी कथा हिरुतनं सांगितली. तिच्या आईच्या गावी, उंच थंड पठारावर, घरोघर काळा सातू असायचा आणि घरागणिक वेगळा. वर्कनेशबाईच्या आईचा सातू पिकला तरी ओंबी ताठ उभी राहायची. ओढ्यापलीकडं एक शेजारीण होती, तिच्या सातूची ओंबी पिकली की मान खाली घालायची. ह्या दोन बायकांचं आयुष्यभर पटलं नाही. विस्तव मागायच्या, मीठ मागायच्या, बाळंतपणाला धावून जायच्या. सातूचं नाव निघालं की भांडण. शेजारीण पलीकडच्या काठावर उभी राहून ओरडायची, “माझा गोड आहे, एकदा खाऊन बघ, मग स्वतःचा गाढवाला घालशील.” आई अलीकडून ओरडायची, “तुझा लाजेनं मान खाली घालतोय, तो आधी बघ.” त्या सातूचा एक दाणा आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, अशी आईची शपथच होती. आणि तो आला नाही.

पुढं दुष्काळ पडला, आणखीही बरंच काही झालं, गाव उठलं. माणसं जिकडं वाट मिळाली तिकडं गेली. परत जाऊन जे बसले त्यांच्याकडे दोन्हीतला कुठलाच सातू उरला नव्हता.

वर्कनेशबाईची इच्छा एवढीच. मरायच्या आधी एकदा आईच्या हातचा तो काळा सातू तोंडात पडावा. आईचा हात आता मिळायचा नाही, सातू तरी.

* * *

आता मानसीचं काम काय ते सांगायला पाहिजे. ते मलाच कळायला दोन वर्षं लागली. विलासचं सोपं आहे, कॉम्प्युटर म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. मानसी बियांच्या आणि औषधांच्या कंपनीत आहे, पण ना बी पेरते ना औषध देते.

शेवटी तिनं मला विरजणावरून समजावलं.

आमच्या मराठी मंडळात सुनंदामावशी आहेत, नागपूरच्या. त्यांनी फार पूर्वी विरजण आणलं, ते इथं रुजलं. आज बॉथेल काय, बेलव्ह्यूपर्यंत ज्या ज्या मराठी घरात दही लागतं, ते त्यांच्याच विरजणाच्या पोटचं. मानसी म्हणाली, “नाना, समजा कुणी सुनंदामावशींचं विरजण नेलं आणि त्याचा मोठा दह्याचा कारखाना काढला. मावशींना विचारलंही नाही, दिलंही काही नाही. चालेल?”

मी म्हटलं, चालायचं नाही. मावशी घरात घुसतील.

“आफ्रिकेतल्या कितीतरी गावांचं असं झालंय. त्यांच्याकडचं बी नेलं, मूळ नेलं, ते कशावर चालतं ही माहितीही त्यांच्याच म्हाताऱ्यांकडून घेतली. इथं त्याचं औषध झालं, पीक झालं. गावाला पत्ता नाही. आता कायदे झालेत. आधी विचारायचं, मग घ्यायचं, आणि जे होईल त्यातला वाटा परत द्यायचा. तो वाटा ठरवायला मी असते.”

मला पटलं. चूक एवढीच झाली की मी हे मंडळात सुनंदामावशींना सांगितलं. पुढच्या गुढीपाडव्याला मावशी मंडळाच्या हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येक घराकडून एक वाटी श्रीखंड घेतल्याशिवाय आत सोडेनात. म्हणाल्या, “कायदा झालाय. मानसीला विचारा.”

* * *

सुनंदामावशींचा आणखी एक नेम आहे. दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही. घरातली लक्ष्मी जाते. नागपुरात हे चालून जातं. इथं डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो आणि ही सगळी पोरं ऑफिसातून सुटतात सहाला. मावशी देणार नाहीत. एक पुण्याचा मुलगा लंच ब्रेकमध्ये गाडी काढून विरजण न्यायला आला. बॉसला सांगून आला होता, फॅमिली इमर्जन्सी!

उन्हाळ्यात उलटं. दहा वाजेस्तोवर उजेड. लोक जेवून खाऊन, शतपावली करत, नाइट ड्रेसमध्ये वाटी घेऊन येतात. मावशींना झोप आलेली असते पण दिवेलागण झालेली नसते. नाही म्हणायला तोंड नाही.

* * *

मानसी एकदा जेवताना मला म्हणाली, “नाना, आमची सगळ्यात मोठी अडचण सांगू? वाटा द्यायला आम्ही तयार असतो, पण कुणाला द्यायचा? तुमचंच सांगा. आईंच्या परसातला तो कडवा वाल. उद्या मी तो न्यायला आले तर परवानगी कुणाची घेऊ?”

मी म्हटलं, सरूची.

“आई नाहीत. आणि त्यांना तो कुणी दिला?”

मला आठवायला लागलं. सरूनं तो वरच्या आळीतल्या गंगूबाईकडून घेतला. पण मोरीच्या पाण्यावरून आमचं आणि गंगूबाईचं बोलणं बंद होतं, म्हणून तिच्या जावेच्या हातून घेतला. गंगूबाईनं तो लग्नात ओतूरहून आणला होता, माहेराहून. तिच्या आईनं तिच्या माहेराहून. पुढचं मला ठाऊक नाही, पण तिलाही माहेर असणारच.

मानसी घास हातात धरून बसली. “म्हणजे मी ह्या सगळ्यांच्या सासवांशी करार करत हिंडू?”

मी म्हटलं, “सासवांशी नको. माहेरांशी कर. सासवा सही करायच्या नाहीत.”

सगळे हसले. मला मात्र रात्रभर तो वाल दिसत राहिला. सरू गेली, मी इकडं आलो. घराला कुलूप आहे. वेल गेला असणार. कुणाकडं बी उरलंय की नाही, विचारायचं तरी कुणाला? गंगूबाईशी आमचं बोलणं अजून बंदच आहे.

* * *

एक किस्सा मानसीच्या ऑफिसातला. हा मी बघितला नाही, ऐकला. पण तिनं तो सांगताना डोळे पुसले होते, म्हणून ठेवून घेतला.

टांझानियातल्या एका गावाकडून फार पूर्वी कुणी एका मुळीची माहिती नेली होती. जखमेवर लावायची मुळी. आता तिचं मलम करायचं चाललं होतं, तर गावाशी रीतसर बोलणी सुरू झाली. व्हिडिओ कॉल लावला. इकडं मानसी आणि तिचे साहेब, तिकडं झाडाखाली सगळं गाव. साहेबांनी तयारी करून ठेवली होती. विहीर देऊ, दवाखाना देऊ, मलम खपलं तर त्यात दरवर्षी वाटा देऊ. गावकरी हुशार. त्यांनी विहीरही घेतली, दवाखानाही घेतला आणि वाटा वाढवूनही घेतला. सगळं ठरलं. साहेब म्हणाले, आणखी काही?

मागून एक म्हातारी उठली. म्हणाली, आणखी आहे. ती मुळी विचारायला एक गोरी मुलगी आली होती, ती माझ्या घरात राहिली होती. माझ्या पोरींबरोबर झोपली, माझ्या हातचं जेवली. मुळी मीच तिला दाखवली. जाताना परत येते म्हणाली. ती कुठं आहे?

साहेब करार उलटून पालटून बघायला लागले. करारात ह्याला कुठं बसवायचं?

मानसीनं तिचा माग काढला. मुलगी कसली, तीही आता म्हातारी. इथल्याच ॲन आर्बर गावी होती, युनिव्हर्सिटीत शिकवून रिटायर झालेली, गुडघे गेलेले, बाहेर ढोपरभर बर्फ. प्रवासाला डॉक्टर नाही म्हणाले. म्हणून पुन्हा व्हिडिओ कॉल लावला. इकडची म्हातारी रडायलाच लागली. त्यांच्या भाषेत माफी मागत होती, ती भाषा तिला अजून येत होती.

तिकडच्या म्हातारीनं तिला रडू दिलं. तोंड फोनच्या अगदी जवळ आणून नीट बघून घेतलं. मग म्हणाली, “वाळलीस. तिथं तुला कुणी जेवायला घालत नाही का?”

* * *

वर्कनेशबाईच्या सातूचं मानसीच्या डोक्यात राहिलं होतं. एक दिवस ती ऑफिसातून आली ती थेट बागेत, बूटसुद्धा न बदलता. इथल्या सातूवर पूर्वी एक पिवळा रोग पडायचा, तो इथिओपियातल्या सातूमुळं आवरला, असं ती वाचत होती. ते वाचता वाचता तिला कळलं की तिकडचे किती तरी सातू इथल्या बियाण्यांच्या बँकेत गारठ्यात जपून ठेवलेत. आणि वर्कनेशबाईच्या तालुक्याचा एक काळा सातू त्यात आहे. कुणी तरी पूर्वी येऊन मूठभर नेला होता.

मी विचारलं, “बँकेत ठेवलाय, तर मग व्याज कुणाला मिळतं?”

मानसी म्हणाली, “नाना, माझी नोकरी ह्याच प्रश्नावर चालते.”

वर्कनेशबाईला हिरुतनं सांगितलं. ती चौकटीच्या फळीवर बसली. मग एवढंच विचारलं, तालुक्यातल्या कुठल्या गावचा? ते बँकेला माहीत नव्हतं.

बी मागायचं तर बँक कारण विचारते. अभ्यासासाठी मिळतं, आठवण येते म्हणून मिळत नाही. मानसी फोनवर त्या माणसाशी बोलत होती, आम्ही भोवती उभे. त्यानं विचारलं, ह्या वाणाच्या कुठल्या गुणाचा अभ्यास करणार? मानसीनं फोनवर हात ठेवून हिरुतला विचारलं, हिरुतनं आईला. वर्कनेशबाई एक शब्द बोलली. हिरुतनं तो इंग्रजीत सांगितला.

“चव.”

फोनवरच्या माणसानं कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं. मग म्हणाला, चवीचा अभ्यास त्या वाणावर अजून कुणी केलेला दिसत नाही. पाठवतो.

मानसीनं त्यात आणखी एक गोष्ट बसवली. जे पिकेल त्यातला पहिला वाटा वर्कनेशबाईच्या तालुक्याला परत जाणार, तिकडच्या शेती खात्यामार्फत, सगळ्यांच्या परवानगीनं. त्या परवानग्यांना सगळा हिवाळा गेला. पण अभ्यास मंजूर झाला. संशोधक, वर्कनेशबाई. मदतनीस, मी! शाळेचं तोंड न बघितलेला माणूस अमेरिकेत संशोधनाला लागला. गावी कुणाला सांगितलं तर म्हणतील, म्हातारा थंडीनं बिघडला.

* * *

पाकीट आलं ते हॉटेलात बडीशेप देतात तेवढं. आत काळे दाणे. वर्कनेशबाईनं ते ओंजळीत घेतले, वास घेतला, पुन्हा पाकिटात घातले. एप्रिलात तिनं सगळी चौकट रिकामी करून एकेक दाणा बोटानं खोचला. मी दगड आणून चौकटीला कड बांधून दिली. माझ्या हातून तेवढंच व्हायचं होतं.

ससे येतात म्हणून जाळी लावली. पाखरं येतात म्हणून वर जुनी ओढणी ताणली. तरी वर्कनेशबाईचं समाधान होईना. ती रोज खुर्ची घेऊन येऊन बसायची. मीही बसायचो. मदतनीसच ना. उगवून आलं तसं बागेतले बाकीचे लोकही चक्कर टाकायला लागले. सुनंदामावशी आल्या, बघून गेल्या, म्हणाल्या गवतच दिसतंय. वर्कनेशबाईला कळलं नाही, बरं झालं.

जुलैत ओंब्या आल्या, हिरव्या, लांब कुसळांच्या, ताठ. वर्कनेशबाईनं मला दंडाला धरून ओढत नेलं. दोन्ही हातांनी दाखवलं, मान बघ, मान बघ कशी ताठ. त्या दिवशी तिनं बागेतल्या झाडून सगळ्यांना कॉफी पाजली. तीन तीन वेळा. त्यांच्यात तीनदा प्यायची असते. मला पहाटेपर्यंत झोप नव्हती.

ऑगस्टात ओंब्या पिकून काळ्या पडायला लागल्या.

एका सकाळी मी लवकर गेलो तर ती आधीच येऊन बसलेली. मी माझी खुर्ची लावली. समोर बघितलं. कडेच्या ओंब्यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं दव पडलंय, त्याच्या भारानं असेल. ऊन चढलं, दव वाळलं, ओंब्या तशाच. दुसऱ्या दिवशी मधल्याही वाकल्या. आठवड्याभरात सगळी चौकट खाली बघत उभी होती.

मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. हिरुतला नाही, मानसीला नाही. त्या दोघी बिचाऱ्या, दाणा भरला म्हणून ओंब्या वाकल्यात असं समजून, फोटो काढत होत्या.

* * *

कापणीला सगळे आले. ओंजळी भरल्या म्हणायला हरकत नाही. वर्कनेशबाईनं सुपात पाखडून वाटे केले. पहिला वाटा तिच्या तालुक्याला. तो मानसीनं तिथल्या तिथं पिशवीत बांधला. दुसरा पुढच्या वर्षाच्या पेरणीला. उरला मूठभर, तो अभ्यासाचा.

तिनं बागेतच छोटी शेगडी पेटवली, लोखंडी तवा ठेवला आणि सातू भाजायला घेतला. तडतडायला लागल्यावर तो वास सुटला. मी मुद्दाम जरा लांब, वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. मला सरूची चूल आठवत होती आणि लोकांपुढं डोळे पुसायची सवय नाही.

भाजून झाल्यावर तिनं दाणे ओढणीवर ओतले, चोळले, फुंकर मारली. हिरुत फोन वर धरून उभी होती, आईचा चेहरा टिपायला. आजीचाच सातू, असं तिला वाटत होतं. मानसीलाही. तिथं खरं ठाऊक होतं ते आम्हा दोघांनाच, आणि आम्ही एकमेकांकडं बघत नव्हतो.

वर्कनेशबाईनं चिमूटभर दाणे तोंडात टाकले. दात थोडेच राहिलेत, हळूहळू चावत राहिली. डोळे मिटलेले. हिरुतनं विचारलं, आई, तोच ना? तिनं हात वर केला, थांब. पुन्हा चिमूट घेतली. पुन्हा चावली. मग आधी खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून मी पुढं झालो, तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हसत होती.

मग मला हाक मारली. माझा हात ओढून त्यावर थोडे दाणे ओतले, माझी बोटं मिटवली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, आमच्या त्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाली,

“नाना, ती शेजारीण खरं बोलत होती.”